पाचाडची नाचणी, पुण्याची बिअर

रविवारच्या सकाळी घरात पोह्यांवर खोबरं पेरलं जात असताना बिअरवरचा लेख वाचकांपुढे ठेवावा की नाही, याचा मी बराच विचार केला. त्यातून लेखात नाव यायचं पाचाडचं. पाचाड म्हणजे रायगडाचा पायथा. जिजाऊसाहेबांचा वाडा तिथं, समाधी तिथं. अशा गावाचं नाव आणि बिअरचं नाव एका वाक्यात आलं की काही जणांच्या कपाळाला आठी पडणार, हे मला ठाऊक आहे. ती आठी मला मान्य आहे. लेख शेवटपर्यंत वाचून झाल्यावरही ती तशीच राहिली, तर तीही मान्य. पण आधी वाचा, एवढीच विनंती.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत महाराष्ट्रात एक नवा धंदा रुजला. मोठ्या कारखान्यात बाटल्या भरून गावोगाव पाठवली जाणारी बिअर आपल्याला जुनी आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यात तळोज्याला किंगफिशरवाल्यांचा मोठा कारखाना आहे. हा नवा धंदा मात्र लहान टाक्यांचा. हॉटेलच्या मागच्या खोलीत पाचशे-हजार लिटरचा घाणा टाकायचा, आठ-पंधरा दिवसांनी तयार झालेली बिअर पुढच्या खोलीत ताजीच ग्लासात ओतायची. अशा जागेला मायक्रोब्रुअरी म्हणतात आणि तिथल्या मालाला क्राफ्ट बिअर.

महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यात झाली. 2009 साली पुण्यातल्या एका क्लबच्या आवारात ‘डूलाली’ नावाची ब्रुअरी सुरू झाली. नाव परकं वाटतं, पण आहे आपल्या देवळालीचं. ब्रिटिश अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहत पडून असायचे. उकाडा आणि रिकामपण यांनी काहींची डोकी फिरायची. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज ‘डूलाली’ म्हणू लागले. नाशिक जिल्ह्यानं इंग्रजी कोशाला शब्द दिला तो असा.

पुढे पुण्यातच ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ आली. नावाचं भाषांतर करून पाहा, ‘महाराष्ट्र’ हाती येईल. त्यांची मिठाची चव असलेली कोकमाची बिअर गाजली. आमसुलं, मीठ आणि पाणी हे कोकणातल्या प्रत्येक घराचं उन्हाळी औषध. ते असं पुण्याच्या ग्लासात जाऊन बसेल असं आमच्या आजीला कुणी सांगितलं असतं, तर तिनं सांगणाऱ्याचीच दृष्ट काढली असती. मुंबईत लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात बंगळूरच्या ‘टोइट’नं आपली ब्रुअरी थाटली. महाड-पोलादपूरच्या माणसाला या पत्त्यावर क्षणभर थांबावंच लागतं. आमच्या तालुक्यांतल्या घराघरातला एक माणूस गिरणगावात होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ती माणसं हळूहळू गावाला परतली. ज्या आवारातून त्यांच्या मनिऑर्डरी निघायच्या, त्या आवारांत आता बिअरच्या तांब्याच्या टाक्या चकाकतात.

कच्चा माल कुठला?

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. कादंबऱ्या रात्री लिहायचो, दिवसा कर्जाचे अर्ज वाचायचो. धंद्यासाठी कर्ज मागायला कुणी आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: कच्चा माल कुठून आणणार? या प्रश्नाच्या उत्तरात धंद्याची अर्धी पत्रिका कळते. गावाला त्यातून काय मिळणार, तेही कळतं.

हाच प्रश्न क्राफ्ट बिअरला विचारून पाहू. बिअर मुख्यतः चार वस्तूंची होते: पाणी, मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट. धान्य बहुतेक सातूचं. सातू आपल्या देशाला वेदकाळापासून ओळखीचा, पण तो पिकतो राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणात. काही माल्ट तर थेट युरोपातून येतो. हॉप्स जर्मनी-अमेरिकेची. यीस्टसुद्धा पुष्कळदा तिकडचंच. म्हणजे जिला आपण पुण्याची किंवा मुंबईची बिअर म्हणतो, तिच्यात महाराष्ट्राचं असतं ते पाणी आणि फार तर वरून टाकलेलं कोकम-आंबा. शेतकऱ्याच्या खळ्यावरून त्यात काही गेलेलं नसतं.

वाइनचं तसं नाही. राजीव सामंत यांनी नाशिकला 1997 साली वेली लावल्या, त्यातून ‘सुला’ उभी राहिली. राज्य सरकारनं 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या. वाइन चांगली की वाईट यावर हवे तितके वाद घाला, पण द्राक्षं नाशिक-सांगलीची आहेत आणि त्यांचे पैसे तिथल्या बागाइतदारांना मिळाले, हे कुणी नाकारत नाही. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारनं घेतला तेव्हा तो शेतकऱ्याच्याच नावानं घेतला होता. गदारोळ झाला, निर्णय बारगळला. पण शेतकऱ्याचं नाव घेण्यापुरता तरी त्यांच्याकडे आधार होता. बिअरवाल्यांकडे तोही नाही.

वास्तविक तो असू शकतो, आणि तो आमच्या डोंगरात आहे.

वरकस जमिनीचं धान्य

महाडहून कोंझरमार्गे पाचाडला जाताना दोन्ही अंगांना जे उतार दिसतात, ती वरकस जमीन. खाचरं खाली, भाताची. उतारावर नाचणी, वरी, थोडे तीळ, खुरासणी. पोलादपूरकडे उमरठच्या वरच्या अंगाला तेच. पावसाआधी राब भाजायचा, रोप करायचं, आषाढात ते उपटून उतारावर लावायचं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण उतारावर पाणी ठरत नाही. अशा पातळ मातीत दुसरं धान्य उभं राहायला तयार नसतं, नाचणी राहते. दिवाळीच्या सुमाराला कणसं खुडायची. एकदा वाळवून कणगीत भरली की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. म्हणून जुनी माणसं नाचणीला दुष्काळातली ठेव म्हणत. बँकेत आल्यावर मला मुदत ठेवीचा अर्थ चटकन कळला तो बहुधा यामुळेच.

ही ठेव आता मोडत चालली आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मी महाड भागात शेतीकर्जं पाहत होतो, तेव्हाही नाचणीसाठी कर्ज मागणारा माणूस क्वचित यायचा. भाताला कर्ज, म्हशीला कर्ज, रिक्षाला कर्ज. नाचणी घरापुरती, तिला बाजार नाही आणि बाजार नाही म्हणून तिची फाईल नाही. पुढे तरुण पोरं मुंबई-पुण्याला गेली, महाडच्या औद्योगिक वसाहतीत लागली. उतारावर कणसं खुडायला उरल्या म्हाताऱ्या. उरलेलं काम रानडुकरांनी आणि वानरांनी पुरं केलं. कित्येक उतारांवर आज नुसतं गवत आहे.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटं दिसू लागली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात ते अगदीच थोडं, हे डॉक्टर सांगू लागले. केंद्रानं 2025-26 साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये जाहीर केला. पण हमीभावाला अर्थ येतो तो समोर तराजू घेऊन कुणी उभा असला तर. दोन-चार पोती नाचणी पिकवणाऱ्या म्हातारीच्या दारात तो तराजू येत नाही.

मोडाची गोष्ट

भाच्याच्या आग्रहावरून मी दोन वर्षांपूर्वी पुण्यातली एक ब्रुअरी आतून पाहिली. तिथला ब्रुअर, म्हणजे बिअर करणारा मुख्य कारागीर, तिशीतला, रसायनशास्त्र शिकलेला मराठी मुलगा. त्यानं माझ्या तळहातावर माल्टचे दाणे ठेवले आणि म्हणाला, “काका, चावून बघा.” दाणा कुरकुरीत, आधी भाजल्यासारखा आणि मग गोड. ही गोडी मला अगदी ओळखीची होती. आमच्याकडे तान्ह्या मुलासाठी नाचणी रात्रभर भिजवत, ओल्या फडक्यात बांधून मोड आणत, सावलीत वाळवत, मंद भाजत, दळून वस्त्रगाळ करत. ते पीठ शिजवलं की साखर न घालताही किंचित गोड लागायचं.

मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की ती पिठूळ भागाची साखर करू लागतात. बाळाला ती साखर पचायला सोपी जाते. ब्रुअर तेच करतो, फक्त जास्त नेमकं. माल्ट भरडून पासष्ट अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवतो, गोड पाणी गाळून घेतो, त्यात हॉप्स घालून उकळतो, थंड करून यीस्ट सोडतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. उरलेला चोथा गुरांना घालतात. एकूण काय, बिअर करण्यातलं सगळ्यात जुनं आणि महत्त्वाचं काम आमच्या आया-आज्यांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. त्यांनी ते बाळासाठी केलं, एवढाच फरक.

नाचणीची बिअर ही काही माझी कल्पना नव्हे. सिक्कीम-दार्जिलिंगकडे आणि नेपाळात नाचणी शिजवून, आंबवून, उभ्या भांड्यात भरून वरून गरम पाणी ओततात आणि बांबूच्या नळीनं पितात. त्याला तोंगबा म्हणतात. पूर्व आफ्रिकेत युगांडाच्या खेड्यांत नाचणीचीच बिअर गोल बसून एका भांड्यातून पितात. आपल्याकडे नाचणी आंबवून होते ती आंबील. ताकात शिजवलेली, पोट निववणारी आणि नशेशी संबंध नसलेली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं नाचणीच्या माल्टचा फार बारकाईनं अभ्यास केला आहे. मोड आलेल्या नाचणीत पिठाची साखर करण्याची ताकद चांगली असते, असं शास्त्र सांगतं.

अडचणीही आहेत. ब्रुअरनं त्या मला नीट समजावल्या. सातूला टरफल असतं, तेच टाकीत गाळणीचं काम करतं. नाचणीला तसं टरफल नाही, त्यामुळे गाळताना चिकट लगदा होतो. नाचणीचं पीठ शिजायला उष्णताही जास्त लागते. म्हणून निम्म्याहून जास्त सातू आणि बाकी नाचणी असं मिश्रण बरं पडतं. चव थोडी मातकट, भाजक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी येते. मी म्हटलं, मग तीच तर ओळख.

छावणीची सवय

आपल्याकडे बिअर सातूचीच का झाली, याचं उत्तर इतिहासात आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाआधी, 1674 च्या मे महिन्यात, पाचाडला येऊन थांबला होता. महाराज तेव्हा प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. पुढे गडावर या पाहुण्यांना रोजची खिचडी काही मानवेना, त्यांनी मटण मागितलं. इतकं मटण संपवणारे हे लोक आहेत तरी कोण, हे पाहायला म्हातारा खाटीक गड चढून आला, अशी नोंद त्या काळच्या एका इंग्रजानं करून ठेवली आहे. इंग्रज जिथं गेला तिथं आपलं ताट आणि आपला पेला घेऊन गेला. पुढे मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी विलायतेहून बिअरची पिंपं जहाजानं येऊ लागली. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत, त्यातून ‘इंडिया पेल एल’ हा कडवट प्रकार रूढ झाला. 1850 च्या दशकात एडवर्ड डायर यानं कसौलीला इथल्या सुरुवातीच्या ब्रुअऱ्यांपैकी एक काढली. जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा हा बाप. धंदा छावणीसाठी निघाला, धान्यही छावणीच्या जिभेचं ठरलं. छावणी गेली, सवय राहिली.

ही सवय मोडता येते. नायजेरियानं 1988 साली सातूच्या आयातीवर बंदी घातली. तिथल्या बड्या ब्रुअऱ्यांनी आधी आरडाओरड केली आणि मग ज्वारी-मक्यावर बिअर करून दाखवली. युगांडात 2002 साली स्थानिक ज्वारीची ‘ईगल’ नावाची बिअर निघाली. देशी धान्य वापरता ना, मग कर कमी, असा व्यवहार तिथल्या सरकारनं केला आणि ब्रुअरीनं हजारो लहान शेतकऱ्यांकडून ज्वारी घेतली.

चार रुपयांचा हिशेब

आता बँकवाल्याचा हिशेब. हजार लिटर बिअरला साधारण दोनशे किलो माल्ट लागतो. वर्षाला तीन लाख लिटर बिअर करणारी ब्रुअरी धरली, तर साठ टन माल्ट. त्याचा तिसरा हिस्सा नाचणी धरली, तर वीस टन. मोड आणताना, वाळवताना होणारी घट जमेस धरून शेतकऱ्याकडून सुमारे 235 क्विंटल नाचणी घ्यावी लागेल. हेक्टरी दहा क्विंटल उतारा धरला तर तेवीस-चोवीस हेक्टर डोंगरउतार. एक लहान ब्रुअरी एका वाडीचे पडीक उतार पुन्हा हिरवे करू शकते.

हमीभावानं या नाचणीचे होतात साडेअकरा लाख रुपये. तीन लाख लिटरवर वाटले, तर लिटरमागे चार रुपयेसुद्धा पडत नाहीत. अर्ध्या लिटरच्या ग्लासात दोन रुपयांची नाचणी! शहरात त्या ग्लासाला तीनशे-चारशे रुपये मोजतात. म्हणजे शेतकऱ्याला हमीभावाच्या दुप्पट दर दिला, तरी ग्लासामागे खर्च वाढतो तो आणखी दोन रुपयांचा. ‘स्थानिक’, ‘मातीतली’ असे शब्द फलकावर लिहिणाऱ्यांनी हे दोन रुपये द्यायला हरकत नसावी.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दारूनं आमच्या तालुक्यांत काय केलं, ते मी कर्जखात्यांत पाहिलं आहे. संपानंतर गावी परतलेल्यांतले काही जण भट्टीच्या नादाला लागले. बायका अंगठा उमटवून बचतखातं उघडायच्या आणि नवऱ्याला सांगू नका म्हणून बजावायच्या. 2004 मध्ये विक्रोळीत आणि 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरेक बळी गेले, त्यांत अशीच पोट भरायला मुंबईत आलेली माणसं होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं, की दारूचं निर्धोक असं कुठलंही प्रमाण नाही. बिअरमधलं अल्कोहोलही अल्कोहोलच. आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. त्याप्रमाणे आजही पिणाऱ्याला परवाना लागतो, बिअरसाठी वयाची 21 वर्षं पुरी असावी लागतात, कडक दारूसाठी 25. गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडायचं, ही ‘आडवी बाटली’ची तरतूदही याच राज्यात आहे आणि ती असायलाच हवी. मी स्वतः कधीमधी ग्लासभर घेतो. म्हणून ती चांगली, असं मी म्हणणार नाही.

पाचाडला काय हवं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाचाडला ब्रुअरी नको. एक लिटर बिअरमागे किमान चार-पाच लिटर पाणी खर्ची पडतं, आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. शिवाय गडाच्या पायथ्याची एक मर्यादा आहे, ती प्रत्येक मराठी माणूस जाणतो.

पाचाडला हवं ते मोडघर. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर भाजायची आणि हवाबंद पोत्यात भरायची. हे काम कार्तिक ते माघ, हवा कोरडी आणि हात रिकामे असतात तेव्हाचं. ते बायकांच्या बचतगटानं करावं. बचतगटांची कर्जफेड किती चोख असते, हे कुठल्याही शाखा अधिकाऱ्याला विचारा. ब्रुअरच्या अटी कडक असतात: सगळे दाणे एकसारखे मोडावेत, बुरशीचा वास नको, ओल नको, खडा तर अजिबात नको. त्यासाठी सारवलेल्या खळ्याऐवजी ताडपत्री, एक खडे काढायचं यंत्र आणि वाळवणीसाठी छप्पर लागेल. फार मोठी रक्कम नाही. अशी फाईल माझ्या टेबलावर आली असती, तर मी ती अडवली नसती.

त्याचं कारणही सांगतो. कर्ज देताना आम्ही तारण पाहतो, आणि ज्या मालाला दुसरं गिऱ्हाईक आहे त्याच्याइतकं चांगलं तारण नाही. बिअरवाल्यानं उद्या तोंड फिरवलं, तर सातूचा माल्ट घेऊन बसलेला माणूस अडकतो. नाचणीचा माल्ट अडकत नाही. तो बाळाच्या वाटीत जातो, आजारी माणसाच्या पेजेत जातो, बेकरीच्या बिस्किटात जातो. 1996 पासून हिरकणीवाडीला रोपवे आहे, रोज शेकडो माणसं गडावर येतात, वर दही-ताक आणि पिठलं-भाकर खातात. त्यांच्या पिशवीत परतताना मोडाच्या नाचणीचा पुडा का असू नये? त्या माल्टमध्ये नशेचा थेंब नाही. त्याचं पुढे काय करायचं हे घेणाऱ्यानं ठरवावं आणि कायद्यानं त्याच्यावर नजर ठेवावी.

सरकारनं यात एकच गोष्ट करावी, युगांडासारखी. जी ब्रुअरी राज्यातलं धान्य ठरावीक प्रमाणात आणि हमीभावाच्या वर घेईल, तिला करात थोडी सूट द्यावी. घेणार नाही, तिनं पूर्ण कर भरावा. शेतकऱ्याचं नाव घेऊन सवलत मागायची असेल, तर शेतकऱ्याची सही असलेली पावती जोडा, एवढंच त्यांना सांगायचं.

आणि पुण्या-मुंबईच्या तरुण वाचकांना एक विनंती. उद्या अशा एखाद्या जागी मित्रांबरोबर बसलात आणि फलकावर ‘आपल्या मातीतली बिअर’ असं लिहिलेलं दिसलं, तर वाढणाऱ्याला विचारा, माती कुठली आणि धान्य कुठलं? उत्तर आलं नाही तर मालकाला विचारा. गिऱ्हाईकानं विचारलेला प्रश्न धंदेवाल्याला बँकेच्या नोटिशीपेक्षा लवकर ऐकू येतो, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.